असोद्याला नेलेलं तिरामिसू

माझी सख्खी मावशी पहिल्यांदा धुळ्याला माझ्याकडे राहायला आली, तेव्हा तिसऱ्या दिवशी सकाळी जिन्याखालून आवाज आला, "धरणगावकडे जाणाऱ्या प्रवाशांनी लक्ष द्यावे, गाडी सव्वानऊला आहे." मावशीचा बेत चांगला आठवडाभराचा होता. तिनं नऊ वाजताच पिशवी भरली. अजूनही फोन केला की आधी विचारते, "का गं, तुझा तो भोंगा कसा आहे?"

भोंगा म्हणजे आमचे आबा, माझे घरमालक. मी धुळ्यात एका खासगी कॉलेजात तासिकांवर शिकवायचे आणि त्यांच्या वरच्या मजल्यावर राहायचे. आबांची सगळी नोकरी बस स्टँडवरच्या कंट्रोलरच्या खिडकीत गेली होती. निवृत्त होऊन दहा-बारा वर्षं झाली, तरी माणूस खिडकीतून बाहेर आलेला नव्हता. घरात तीन घड्याळं, तिन्ही एका ठोक्यावर. जेवण बारा दहाला. बारा बारा झाले की स्वयंपाकघराच्या दिशेनं गंभीर आवाजात घोषणा व्हायची, "बारा दहाची गाडी काही कारणास्तव उशिरानं धावत आहे." आतून अक्का, म्हणजे त्यांची बायको, शांतपणे म्हणायच्या, "धावू द्या."

आबांचं दुसरं शास्त्र म्हणजे बुडवणं. चहात टोस्ट बुडवायचा तो मनात सहा आकडे मोजून. पाचला काढला तर कोरडा, सातला काढला तर गेला. बशीत टोस्ट तुटून पडणाऱ्या माणसावर त्यांचा काडीचा विश्वास नसे. पुतणीला बघायला आलेला एक चांगला इंजिनिअर मुलगा त्यांनी याच कारणासाठी नापास केला होता. "ज्याले टोस्ट सांभाळता येत नही, तो पोरगी काय सांभाळी," हा त्यांचा निकाल. पुतणीनं पुढे त्याच मुलाशी लग्न केलं आणि तिचं उत्तम चाललंय. त्याचं आबांना काही नाही. "टोस्ट तो आजूनबी पाडस," एवढंच म्हणतात.

आणि तिसरी गोष्ट. आबा कुणाला चांगलं म्हणत नसत. कुणालाच. मी एकदा चिडून विचारलंच, तर म्हणाले, "मास्तरीणबाई, गाडी वेळेवर सुटली म्हणून कंट्रोलरच्या गळ्यात कोणी हार घालस का? उशीर झाला की शिव्या देतस. शिव्या नही म्हणजे काम चांगलं शे, समजी लेवानं." नोकरीत हे ठीक होतं. पण त्यांनी हाच नियम चाळीस वर्षं अक्कांच्या स्वयंपाकाला लावला होता. ताटात शिव्या नाहीत म्हणजे जेवण चांगलं आहे, समजून घे.

अक्का माहेरच्या असोद्याच्या, जळगावजवळच्या. बोलताना अजूनही ळ चा य करायच्या. जळगावचं जयगाव, केळीची केयी. उंच, काटक, कमी बोलणाऱ्या. दुपारी आबा झोपले की वर माझ्याकडे यायच्या आणि माझ्या पलंगावर पाय सोडून बसायच्या. नाशिकच्या लग्नाची गोष्ट त्यांनी मला तिथंच सांगितली.

आबांच्या भाच्याच्या मुलाचं रिसेप्शन होतं. गोडाच्या टेबलावर छोट्या काचेच्या वाट्यांमध्ये काहीतरी थराथराचं ठेवलेलं. खाली कॉफीत भिजलेलं बिस्किट, वर पांढरं मऊ, त्याच्यावर चॉकलेटची भुकटी. अक्कांनी एक चमचा खाल्ला, दुसरा खाल्ला, आणि तिसरा तोंडाशी नेतानाच आबांनी दंडाला धरून उठवलं. नऊ चाळीसची धुळे गाडी. "वाटी तशीच ठिवली मी," अक्का म्हणाल्या. "अन् गाडी किती वाजता सुटली माहितीये? दहाले. वीस मिनिटं मी त्या फलाटावर बसून त्या वाटीचाच इचार करत होती."

हे सांगताना त्या हसत होत्या. मीही हसले. तेव्हाच मला कळायला हवं होतं, पण मला कॉलेजातलंसुद्धा काही वेळेवर कळत नसे.

मग पौषात ते भरीत झालं. आबांचे स्टँडवरचे जुने चौघे दोस्त जेवायला येणार होते. अक्कांनी भावाकडून असोद्याची हिरवी वांगी मागवली, मागच्या अंगणात कपाशीच्या काड्यांवर भाजली, लाकडी बडगीत मिरच्यांबरोबर ठेचली. ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी, ठेचा, कांद्याची पात. मी वरून वासानंच अर्धी जेवले होते. चौघे पाव्हणे बोटं चाटत होते. एक जण म्हणाला, "आबा, असं भरीत आख्ख्या धुळ्यात नही." अक्का दारात उभ्या होत्या. आबांनी घास गिळला, पाणी प्यायले आणि म्हणाले, "हां. वांगं चांगलं शे."

मी काही असोद्याची नाही, धरणगावची आहे. आमच्याकडे बाईच्या भरताला नावं ठेवली तर ती भांडते आणि विषय संपतो. पण असोद्याच्या बाईच्या भरताचं श्रेय वांग्याला द्यायचं, तेही चार पाव्हण्यांसमोर, ही चूक करायला छातीच लागते. अक्कांनी पाव्हण्यांना आणखी भाकरी वाढल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी आबांना विचारलं, "जयगावची गाडी कव्हा हाये?" आबा खूश. कितीतरी दिवसांनी कुणी खरा प्रश्न विचारला होता. त्यांनी गाडीची वेळ सांगितली, फलाट सांगितला, डाव्या बाजूला बस म्हणजे ऊन लागणार नाही हेही सांगितलं, आणि पेपर उघडला. अक्का पिशवी घेऊन निघून गेल्या. आबांना हे बारा दहाला कळलं, ताट आलं नाही तेव्हा.

महिना गेला. आबा शेजारपाजाऱ्यांना सांगत, "तिना माहेरले शेतीनं काम निंघनं." खानावळीची शेवभाजी खाऊन खाऊन त्यांच्या गंजीवर तर्रीचे डाग पडले. एकदा बारा दहाला मी खाली गेले तर ते रिकाम्या स्वयंपाकघराकडे तोंड करून बसलेले होते. घोषणा करायला तोंड उघडलं आणि मला बघून मिटलं. मला त्या दिवशी पहिल्यांदा या माणसाची दया आली. तोवर, खरं सांगते, मजाच वाटत होती.

मीच अक्कांना फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. आबा शेजारी खाटेवर, छताकडे बघत.

"अक्का, कधी येणार?"

"मी रुसेल नही व माय," अक्का म्हणाल्या. "मी थकेल हाये. चायीस वर्स मी रांधलं. आता त्याहिनी एकदा सोताच्या हातानं काहीतरी करून मले खाऊ घालावं. हाटेलातलं नको, तुह्या हातचं नको. मंग पाह्यते."

आबा "हं" म्हणाले आणि उठून गेले. मला वाटलं, झालं, आता हा माणूस शेवभाजीवरच मरणार. पण दुसऱ्या दिवशी सकाळी ते जिना चढून वर आले. दोन वर्षांत पहिल्यांदा. हातात जुनी वही, कानावर पेन.

"नाशिकले ती काय खाई राहिंती? त्यानं नाव काढ."

मी मोबाइलवर शोधून दाखवलं. इटलीचं आहे, तिरामिसू म्हणतात. त्यांनी नाव ऐकून घेतलं आणि वहीत मोठ्या अक्षरात लिहिलं, "नाशिकचं." शेवटपर्यंत ते त्याला नाशिकचंच म्हणाले.

मोबाइलवरच्या व्हिडिओतली बाई सांगत होती तसलं चीज धुळ्यात मिळेना. दुकानदारांनी आम्हाला पिझ्झ्याचं चीज दाखवलं, एकानं तर 'पांढरं, मऊ' एवढंच ऐकून चुन्याची डबीच पुढे केली, तो विषय सोडा. शेवटी सापडलं की घट्ट मलई गरम करायची, लिंबू पिळायचं आणि फडक्यात बांधून फ्रिजमध्ये टांगायची. "म्हणजे चक्का," आबा म्हणाले, आणि त्यांचा चेहरा जरा सुधारला. लांबट बिस्किटं मात्र कुठेच नव्हती. आबांनी हात झटकले. "टोस्ट शे ना."

पहिलं नाशिकचं टोस्टाचं झालं. आबांनी कॉफीचं पातेलं पुढ्यात घेतलं, मांडी ठोकून बसले आणि टोस्ट सहा आकडे मोजून बुडवले, आयुष्यभराच्या शिस्तीनं. वर मलई लावली, फ्रिजमध्ये ठेवलं. सकाळी उघडलं तर खाली कॉफीचा शिरा आणि वर पांढरी साय तरंगत होती. त्यांना समजेना. टोस्ट बशीत तुटला नव्हता, सहाला व्यवस्थित निघाला होता. मी सांगितलं, "आबा, चहाचा टोस्ट लगेच तोंडात जातो. हा रात्रभर बसून राहणार आहे, तो आतल्या आत भिजतच जातो." आबांनी कानावरचं पेन काढलं. मग वहीत "सहा" खोडलं. ते खोडताना पेन दोनदा थांबलं, हे मी बघितलं. आणि तो शिरा त्यांनी चार दिवस स्वतः खाऊन संपवला, टाकू दिला नाही.

मग आम्ही स्टँडमागच्या बेकरीवाल्या चाचांकडे गेलो. चाचांनी चष्मा लावून तो व्हिडिओ तीनदा बघितला. "आबा, ये मैंने कभी बनाया नहीं. लेकिन बन जाएगा." अक्का अंडं खात नाहीत, ही अडचण होती. चाचांनी दही-सोड्यावर प्रयोग सुरू केले. पहिली खेप विटेसारखी निघाली. दुसरी खेप ठीक होती, पण आबांनी मला न विचारता मलईत जायफळ आणि वेलची घातली आणि त्याचं श्रीखंड झालं. मी रागावले. "पण श्रीखंडमा टाकतस ना," आबा म्हणाले. "आबा, हे श्रीखंड नाही." "टांगेल शे, म्हणजे श्रीखंडनंच भाऊबंद शे." असल्या माणसाशी कोण डोकं लावणार.

तिसऱ्या खेपेला मी मोबाइल घेऊन शेजारी उभी राहिले. दोन सेकंद, त्याच्यावर नाही. आबांनी मग आपली पद्धत काढली. बिस्किट कॉफीत गेलं की "लागली," आणि मी बोट वर केलं की "सुटली." एकही बिस्किट फलाटावर थांबू दिलं नाही. मलई फेटताना त्यांची पाठ भरून आली. तीनदा ओट्याला टेकून उभे राहिले. भांडी घासायची होती, फडकं धुवायचं होतं, ओटा पुसायचा होता, आणि हे सगळं एका डब्यासाठी. ओट्याला टेकल्या टेकल्याच म्हणाले, "अन् ती दोन टाईम करे."

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला एका वाटीत काढून दिलं. कोकोची भुकटी त्यांनी चहाच्या गाळण्यातून भुरभुरवली होती, कडेपर्यंत सारखी. मी चमचा घातला. थर सरळ निघाले. खाल्लं.

"छान झालंय, आबा."

आबा म्हणाले, "परत सांग."

"खरंच छान झालंय."

सत्तरीचा माणूस कानापर्यंत लाल झाला. खाटेच्या कडेवर बसले, उगीच पंच्यानं हात पुसत राहिले, जे कोरडेच होते. "अस्सं वाटस का," ते म्हणाले, मला नाही, स्वतःलाच. मग उठले आणि मी हातातून ओढत असतानाही ती वाटी स्वतः घासायला घेतली. मला एकदम गलबलून आलं आणि मी कॉलेजला उशीर होतोय म्हणून पळाले.

रविवारी निघालो. चाचांनी दिलेल्या चौकोनी डब्यात ताजं नाशिकचं, डबा थर्माकोलच्या पेटीत, भोवती बर्फ. माझ्या मैत्रिणीची एसीची गाडी मिळत होती. आबांनी ऐकून घेतलं नाही. "एसटी असताना?" मार्चचा शेवट, दहाचं ऊन असं की डोळे उघडवेनात. स्टँडवर मात्र आबांचा थाट. ड्रायव्हर त्यांच्या हाताखाली वाढलेला. तो खाली उतरून पाया पडला. "आबा, तुम्ही मागे बसायचं? कॅबिनमध्ये या." जुन्या माणसाला कॅबिनची सीट देणं, म्हणजे मान. आबा चढले, आणि ड्रायव्हरनं तितक्याच मानानं ती पेटी घेतली आणि आपल्या शेजारी इंजिनाच्या झाकणावर ठेवली, वर गोणपाट टाकलं, हलू नये म्हणून. जिच्यावर सगळा ड्रायव्हरवर्ग वर्षानुवर्षं जेवणाचे डबे गरम ठेवतो, ती जागा. आबांना हे माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. पण मान मिळत होता ना. मी तिसऱ्या सीटवर, मला काही दिसलंच नाही.

पारोळा गेल्यावर कॅबिनमधून पाण्याचा ओघळ खाली आला. मी उठून बघितलं तर गोणपाट ओलं आणि आबांचा चेहरा पांढरा. पेटी मांडीवर घेऊन बसले होते, पँट भिजली होती. एरंडोलच्या स्टँडवर गाडी लागली तसे ते पेटीसकट खाली उतरले आणि समोरच्या रसवंतीकडे चालत सुटले. बर्फ फोडून मिळेपर्यंत वेळ लागत होता. कंडक्टरनं बेल मारली. प्रवासी ओरडायला लागले.

"आबा, लेट होतंय," कंडक्टर खिडकीतून म्हणाला.

"थांबव गाडी."

"कंट्रोलर विचारतील तर काय सांगू?"

"मनं नाव सांग," आबा म्हणाले. "अन् विचारी तर सांग, बायकोनं काम शे."

पाच मिनिटं गाडी थांबली. मागच्या सीटवरची एक बाई आबांना काय काय बोलली, ते मी लिहीत नाही. आबांनी ते सगळं मान खाली घालून ऐकलं आणि ओल्या पँटनं येऊन माझ्या शेजारी बसले, कॅबिनमध्ये नाही. "वितळनं का गं ते?" त्यांनी तीनदा विचारलं. मी तीनदा खोटं सांगितलं.

असोद्याला अक्का अंगणात होत्या. खाटांवर साड्या पसरून बिबड्या, म्हणजे आमच्याकडचे ज्वारीचे पापड, वाळत घातलेल्या, आणि अक्का एकेक उलटत होत्या. त्यांचे धाकटे भाऊ, नाना, ओट्यावर. आम्हाला बघून अक्कांनी पाणी दिलं, माझ्या गालावरून हात फिरवला. आबांना म्हणाल्या, "बसा."

आबांनी पेटी उघडली. नाशिकच्याचं जे झालं होतं ते बघून मीच मान वळवली. थरबिर काही राहिले नव्हते. तपकिरी, पांढरं, सगळं एकमेकांत कालवलेलं. आबांनी दोन्ही हातांनी डबा अक्कांपुढे केला. "सकाळले चांगलं व्हतं," ते म्हणाले. "मास्तरीणले विचार."

अक्कांनी वाटी आणली. एक चमचा खाल्ला. दुसरा खाल्ला. तिसरा. आम्ही तिघं उभेच. त्यांनी वाटी संपवली, चाटून साफ केली, तेव्हा विचारलं, "मलई किती तास टांगली?"

आबांनी सांगायला सुरुवात केली. मलई, लिंबू, टोस्टाचा शिरा, चाचांची वीट, जायफळ, लागली, सुटली, इंजिनाचं झाकण. सगळं. मी या माणसाला वेळापत्रक सोडून इतकं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. अक्का ऐकत होत्या, मध्येच "साखर जास्त झाली" म्हणत होत्या, आणि आबा मान हलवत होते. शेवटी आबा थांबले, घसा खाकरला आणि जमिनीकडे बघत म्हणाले, "वांगं कोणीबी आणस. भरीत तुनंच चांगलं व्हतं. चाळीस वरीस बठ्ठंच चांगलं व्हतं. मी बोलनू नही, मनी चूक."

अक्कांनी पदरानं नाक पुसलं. मग बिबडी उलटली.

"मी धुय्याले नही येनार," त्या म्हणाल्या. राग नव्हता आवाजात, म्हणून जास्त लागलं. "इथं मी सकायी उठते, अन् पह्यला चहा माह्यासाठी करते. मग इचारते कोनाले पाहिजे. मले हे आवडलं. तुमचं हे बी आवडलं. पन मी नही येनार."

मला वाटलं आता हा म्हातारा इथंच खाली बसतो. नानांनी पायाच्या अंगठ्यानं माती उकरली.

"तुम्हाले राह्याचं असन तं राहा," अक्का म्हणाल्या. "खाट हाये. पन एक दिवस सयपाक मी, एक दिवस तुम्ही. रोज हे गोड नही चालनार. भाकर शिकावी लागन."

आमच्याकडे जावई सासुरवाडीला चार दिवसांच्या वर राहिला तर पाचव्या दिवशी गाव त्याच्यावर गाणी रचतं. आबांचं धुळ्यात स्वतःचं दोन मजली घर, तीन घड्याळं, स्टँडवर पाया पडणारे ड्रायव्हर. त्यांनी खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढला आणि माझ्या हातात दिला.

"गोळ्या अन् दोन धोतरं पाठवी दे," ते म्हणाले.

नाना घाबरून म्हणाले, "दाजी, पन गावाले मी काय सांगू?"

आबांनी ओली पँट दोन्ही हातांनी सावरली आणि बिबड्यांच्या खाटेपाशी अक्कांच्या शेजारी जाऊन बसले.

"सांग," ते म्हणाले, "तुनी बहीणनी माले ठेवी लिधं."